तिसरीचं दुसरं सत्र : वह्या कोऱ्या दिसतात, मग मुलं शिकतात काय?

जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांची मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत आहे. दिवाळीनंतर दुसरं सत्र सुरू झालं, पण वह्या फारशा भरत नाहीत. मॅडम वर्गात मधूनच अहिराणी बोलतात, मुलांना केळीच्या बागेत नेतात, काड्यांच्या जुड्या बांधायला लावतात. शेजारचा मुलगा इंग्रजी माध्यमात जातो आणि त्याचे वीसपर्यंत पाढे पाठ आहेत. ताई विचारतात, या सत्रात नेमकं शिकवतात काय, घरी आम्ही काय करून घ्यायचं, आणि मुलीची भाषा सुधारावी म्हणून घरात अहिराणी बोलणं बंद करावं का?

ताई, मी २४ वर्षं प्राथमिक शिक्षिका आहे. पहिली सहा वर्षं धडगावकडे सातपुड्यात गेली, पुढची सगळी जळगाव जिल्ह्यात. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते : अहिराणी बंद करू नका. तिसरीच्या या सत्रात जे शिकायचं असतं, त्यातलं बरंचसं तुमच्या घरातल्या बोलीतून, वावरातून आणि बाजारातूनच मुलीच्या डोक्यात जाणार आहे.

आधी भाषेचं बघू. तिसरीत येईपर्यंत मुलं अक्षरं ओळखतात, अडखळत का होईना जोडाक्षरं वाचतात. आता अपेक्षा वाढते. पानभर मजकूर स्वतः वाचायचा, त्यात काय म्हटलंय ते समजून घ्यायचं, पुस्तकातली ओळ न उतरवता आपल्या शब्दांत उत्तर द्यायचं आणि पाच-सात वाक्यं मनाने लिहायची. ५ जुलै २०२१ ला केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान सुरू झालं, लहान मुलांचं वाचन आणि गणित पक्कं करण्यासाठी. तिसरी संपताना मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत, असं त्यात ठरवलेलं आहे. पालकांच्या लक्षात साठ राहतात आणि ‘अर्थासह’ निसटतं. घड्याळ लावून वाचून घेतलं की मूल शब्दांवरून धावतं आणि शेवटी विचारलं तर गोष्टीत कोण होतं हेही सांगता येत नाही.

अर्थ कळला की नाही हे ओळखायची माझी एक पद्धत आहे आणि ती घरी सहज करता येते. परिच्छेद वाचून झाला की पुस्तक मिटायचं आणि म्हणायचं, आता आजीला अहिराणीत सांग. मुलगी “आजी, मी तुले गोट सांगस” म्हणून सुरू झाली आणि मधे न अडता शेवटापर्यंत गेली, तर तिला सगळं समजलं आहे. पुस्तकातलीच वाक्यं ती जशीच्या तशी म्हणायला लागली, तर नुसतं पाठ झालं आहे. आजीने मधेच “मंग काय व्हयनं?” विचारलं तर फारच चांगलं. लिहिता-वाचता न येणारी आजीसुद्धा ही परीक्षा घेऊ शकते आणि माझ्या अनुभवात ती आमच्यापेक्षा चोख घेते, कारण तिला गोष्ट खरोखर ऐकायची असते.

आता लेखनातली एक चूक जवळून दाखवते, कारण ती तुमच्याही मुलीच्या वहीत सापडेल. अहिराणीत ळ चा य होतो. शाळेला शाया, डोळ्याला डोया, काळ्याला काया. यावल-रावेरकडच्या लेवा बोलीतही तसंच. श्रुतलेखनात मी ‘काळी माती’ सांगते आणि मुलं ‘कायी माती’ लिहितात. त्यांनी ऐकण्यात चूक केलेली नसते. आठ वर्षं त्यांच्या कानाने तो शब्द तसाच ऐकलेला असतो. मग आम्ही ळ वर जोर देतो आणि दोन आठवड्यांनी दुसरीच गंमत वहीत उतरते. एका मुलाने मला लिहून दिलं होतं, “माझ्या पाळाला काटा लागला.” घरच्या य चा पुस्तकात ळ करायचा हे त्याने पकडलं होतं आणि ते पायालाही लावलं होतं. नियम शोधणारं मूल अशीच चूक करतं. मला त्या वहीवर लाल फुली मारवली नाही. फळ्यावर दोन रकाने केले, एकात ‘घरात’, दुसऱ्यात ‘पुस्तकात’. शाया–शाळा, डोया–डोळा, आणि खाली पाय–पाय, गाय–गाय. मुलांनीच शब्द सांगितले, तीसेक तरी जमले. कुठे बदलतं आणि कुठे बदलत नाही हे त्यांचं त्यांनी पाहिलं. त्या दिवशी वहीत लिहिलेलं एवढंच होतं, दोन रकाने. घरी वही उघडून पाहणाऱ्याला ते थोडं वाटणार, पण त्यामागे चाळीस मिनिटांचं काम होतं.

वाक्यांचंही तसंच. “मनी माय वावरमा जास” आणि “माझी आई शेतात जाते” ही दोन्ही वाक्यं शेजारी ठेवली की मुलांना दिसतं : ‘मा’च्या जागी ‘त’ येतो, ‘जास’च्या जागी ‘जाते’. आई की बाबा यावर अहिराणीत ‘जास’ बदलत नाही, प्रमाण मराठीत मात्र जाते आणि जातो असं बदलतं. तिथेच आपली मुलं घसरतात आणि ‘माझी आई जातो’ लिहितात. हे त्यांना घरच्या वाक्याशी ताडून सांगितलं की एकदाच सांगावं लागतं. नुसतं चूक म्हणून खोडलं की वर्षभर खोडत बसावं लागतं.

सुरुवातीच्या काळात मी एका शाळेत होते. तिथे व्हरांड्यात पाटी होती, ‘शुद्ध बोला’. मीही तेच म्हणायचे. माझ्या वर्गातला एक मुलगा मधल्या सुट्टीत झाडाखाली मित्रांना बैलाची हुबेहूब नक्कल करून दाखवायचा, अख्खा पोळा उभा करायचा, आणि वर्गात आला की तोंड शिवल्यासारखा बसायचा. तो मंद आहे असं मी त्याच्या वडिलांना सांगितलं होतं. त्याला फक्त चुकायची भीती वाटत होती, हे कळायला मला फार उशीर लागला आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातसुद्धा शिक्षण शक्य तितकं मुलाच्या मातृभाषेतून व्हावं असं म्हटलं आहे. तुमच्या मॅडम अहिराणी बोलतात म्हणजे त्या मुलांना हात धरून पुस्तकापर्यंत आणताहेत.

लिहायला विषय काय द्यायचा, असंही पालक विचारतात. मूल जे पाहून आलं ते. दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोड्यांची यात्रा भरते, तिथे जाऊन आलेली मुलं पाच वाक्यं मागितली तर दहा लिहितात. ‘माझा आवडता प्राणी’ दिला की सगळ्या वर्गाचा निबंध गाईवर आणि सगळ्यांचा सारखाच.

गणिताकडे येते. या वर्गात तीन अंकी संख्या, हातच्याची बेरीज-वजाबाकी, गुणाकार, भागाकाराची ओळख, पाव-अर्धा-पाऊण, मीटर, किलो, लीटर, घड्याळ आणि नाणी-नोटा असं सगळं असतं. त्यातल्या दोन गोष्टी या सत्रात अडतात आणि त्या अडल्या तर चौथी-पाचवीपर्यंत अडलेल्या राहतात.

पहिली वजाबाकी. आज रात्री मुलीला ४०३ वजा १६८ द्या. बऱ्याच मुलांचं उत्तर ३६५ येतं. कसं आलं ते बघा : एककाला ३ मधून ८ जात नाहीत, म्हणून तिने ८ मधून ३ काढले आणि ५ लिहिले. दशकाला शून्यातून ६ जात नाहीत, म्हणून ६ तसेच ठेवले. शतकाला ४ वजा १ तीन. मोठ्यातून लहान वजा करायचं एवढं तिच्या डोक्यात पक्कं बसलंय, पण कोणाच्या घरातून काय काढायचं ते बसलेलं नाही. इथे ‘शेजाऱ्याकडून उसने घे’ हे वाक्य कामाचं नाही, कारण शेजारच्या दशकाच्या घरात शून्य आहे, उसने देणार कोण?

म्हणून काड्या. दहा काड्यांची एक जुडी, दहा जुड्यांचा एक भारा. आपल्याकडे कापूस निघाला की पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांना, तोटा नसतो आणि जुडी, भारा हे शब्द मुलांना शिकवावे लागत नाहीत. ४०३ म्हणजे ४ भारे, जुडी एकही नाही, ३ सुट्या काड्या. यातून १ भारा, ६ जुड्या आणि ८ काड्या द्यायच्या आहेत. काड्या तीनच. जुडी सोडावी, तर जुडी नाही. मूल थांबतं, भाऱ्याकडे बघतं आणि आपणच म्हणतं, “मॅडम, भारा सोडू का?” मी त्या प्रश्नाची वाट पाहत असते. भारा सोडला की १० जुड्या मिळतात, त्यातली एक सोडली की १० काड्या. आता समोर ३ भारे, ९ जुड्या आणि १३ काड्या. द्यायच्या त्या देऊन उरतात २ भारे, ३ जुड्या, ५ काड्या. २३५. “कितला उरनात?” विचारलं की सगळा वर्ग एकदम ओरडतो. हे तीन-चार दिवस हाताने झालं की मग वहीत खूण करून मांडायचं. वहीत उशिरा येतं ते त्यामुळेच.

दुसरी अडचण गुणाकाराची. शेजारच्या मुलाचे वीसपर्यंत पाढे पाठ आहेत, चांगलं आहे, पाठांतराला मी कमी लेखत नाही. सात सक बेचाळीस हे झोपेतून उठवून विचारलं तरी यायला हवंच. पण पाठ असलेल्या मुलाला एकदम ‘सात सक किती’ विचारून बघा. तो सात एके सातपासून सुरू करून चालत येतो का? आणि सात सक म्हणजे काय ते काढून दाखव म्हटलं तर काय काढतो? तिसरीत दहापर्यंतचे पाढे पुरतात, पण ते दिसले पाहिजेत. केळीच्या बागेत त्यासाठीच नेतात. ठिबकच्या नळीला धरून एका ओळीत ६ खोडं, अशा ४ ओळी, मोजा. मग मुलांना बांधाच्या दुसऱ्या बाजूला उभं करायचं. आता तीच खोडं ४-४ च्या ६ ओळींत दिसतात. खोड एकही हललं नाही, २४ चे २४. चारी सक आणि सही चोक सारखे का, हे पुन्हा समजावावं लागत नाही, आणि निम्मे पाढे फुकटात पाठ होतात. घडातल्या फण्या, फणीतली केळी, हेही मोजायला द्या. मात्र सगळ्या फण्यांत केळी सारखी नसतात, तेव्हा तिथे गुणाकार चालत नाही, बेरीज करावी लागते. हा फरक मुलाने स्वतःहून सांगितला तर समजा गुणाकार कळला.

भागाकार वाटणीतून येतो. भावंडांत बोरं वाटणाऱ्या मुलांना तो कळतोच, खूण मांडायला तेवढी शिकवावी लागते. अपूर्णांकात एकच लक्ष ठेवा. चार ही संख्या दोनपेक्षा मोठी म्हणून पाव अर्ध्यापेक्षा मोठा, असं मुलांना वाटतं. कळण्याची भाकर ताटात आली की मोडून दाखवा, तुकडे सारखे करा आणि तुला अर्धी हवी की पाव ते विचारा. भूक लागलेलं मूल चुकत नाही.

बावन्नच्या जागी पंचवीस लिहिणं हीही खूप दिसणारी चूक. आपल्या भाषेत बावन्न म्हणताना ‘बा’ आधी ऐकू येतो आणि लिहायचे असतात आधी पाच. मुलाचा हात कानाने ऐकलेल्या क्रमाने चालतो, बस. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पन्नास दोन’ अशी फोड आली तेव्हा राज्यभर वाद झाला होता. मला ती फोड पायरी म्हणून उपयोगी वाटते. आधी पन्नास आणि दोन, मग बावन्न. बाजारात भाव करायचा तर बावन्नच म्हणता यायला हवं.

परिसर अभ्यासात मला सर्वांत जास्त आनंद मिळतो. दिशा आणि नकाशा घेताना मी वर्गातल्या भिंतीवरचा नकाशा उतरवते. तो भिंतीवर असेपर्यंत उत्तर दिशा कुठे विचारलं की मुलं छताकडे बोट दाखवतात, कारण नकाशात उत्तर ‘वर’ असते. म्हणून नकाशा अंगणात जमिनीवर पसरायचा, वर दगड ठेवायचे आणि तो फिरवत फिरवत नकाशातला सातपुडा समोरच्या सातपुड्याच्या रेषेत आणायचा. चोपड्याच्या मुलांचं नशीब मोठं, उत्तर दिशा त्यांना डोळ्यांनी दिसते. मग तापी आपोआप दक्षिणेला येते. तिच्यावर बोट ठेवून मुलताईपासून निघायचं, मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यातून, हतनूरच्या धरणावरून, आपल्या गावाच्या अंगाने, पार सुरतेजवळ समुद्रापर्यंत, ७२४ किलोमीटर. गोदावरी, भीमा, कृष्णा पूर्वेकडे जातात आणि आपली तापी पश्चिमेला, मावळतीकडे. नदीवर गेलात तर मुलीला एवढंच विचारा, पाणी कुणीकडे चाललंय? जिल्ह्याचे १५ तालुके तुम्ही पाठ करून घेऊ नका. मामाचं गाव, आत्याचं गाव, बाजाराचं गाव असं लावत गेलं की आठ-दहा तालुके नकाशात आपोआप भरतात.

भूतकाळ शिकवायला जुनी कागदपत्रं मागवते. आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘जिल्हा पूर्व खानदेश’ दिसलं की मुलं चक्रावतात. जळगाव आणि धुळे ही जिल्ह्यांची नावं १९६० साली आली, त्याआधी पूर्व आणि पश्चिम खानदेश होतं. शहाद्याकडून आलेल्या मुलाच्या वडिलांच्या दाखल्यावर ‘जिल्हा धुळे’ असतं, कारण नंदुरबार १ जुलै १९९८ ला वेगळा झाला. गाव तिथेच आणि जिल्हा बदलला, यावर मुलं घरी जाऊन इतके प्रश्न विचारतात की पालकांचे फोन येतात. असा कागद घरात असेल तर मूळ प्रत पाठवू नका, झेरॉक्स द्या.

इंग्रजीचं थोडक्यात. २००० सालापासून आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी आहे. तिसरीत कविता, सोप्या सूचना ऐकून तसं करणं, छोटी वाक्यं बोलणं एवढं असतं. स्पेलिंगच्या याद्या पाठ करून घेऊ नका. एखादी सूचना रोज तीच वापरा, पुरे.

गुणांबद्दल पालकांचा गैरसमज असतो की शेवटची परीक्षा म्हणजे सगळं. तिसरीला १०० पैकी ६० गुण वर्गात वेळोवेळी होणाऱ्या आकारिक मूल्यमापनाचे आणि ४० सत्राच्या शेवटच्या संकलित मूल्यमापनाचे असतात. तोंडी काम, प्रयोग, कृती, प्रकल्प, वर्गकार्य हे त्या साठात येतं. तो नकाशा, त्या जुड्या, ती बाग तिथेच मोजली जाते. प्रकल्प तुम्ही करून देऊ नका. थर्माकोलचं विकतचं घर आणि मुलीने चिखलाचं केलेलं घर यातलं मला काय हवंय, ते मी मुलांना आधीच सांगते.

एक विनंती मनापासून करते. दिवाळीनंतर कापूस वेचणी असते, मजूर मिळत नाहीत, सकाळी लवकर वावरात जावं लागतं, आणि मोठी मुलगी धाकट्याला सांभाळायला घरी राहते. घरची ओढाताण मला कळते. पण भारा सोडायचे ते तीन-चार दिवस चुकले की त्या मुलीला पुढे फक्त फळ्यावरच्या खुणा दिसतात, त्यामागच्या काड्या दिसत नाहीत. ठेवावंच लागलं तर मॅडमना आदल्या दिवशी सांगा आणि त्या दिवशी वर्गात काय होणार ते विचारून घ्या. धाकट्याला सोबत शाळेत पाठवू का, असंही विचारा. मी कितीदा तरी लहान भावंडं वर्गात मागच्या पोत्यावर बसवून घेतली आहेत.

घरी रोज पंधरा मिनिटं पुरतात. एक परिच्छेद वाचणं आणि आजीला अहिराणीत सांगणं, एखादी तोंडी वजाबाकी, आणि बाजाराच्या दिवशी पिशवी तिच्या हातात देऊन पाव किलो मिरच्यांचे पैसे तिलाच द्यायला लावणं. आज रात्रीच्या त्या ४०३ च्या वजाबाकीचं उत्तर ३६५ आलं तर खोडरबर लावू नका. तसंच राहू द्या, पान दुमडून ठेवा आणि पुढच्या वेळी मॅडमना भेटायला जाल तेव्हा ती कच्ची वही सोबत न्या. ‘माझी मुलगी कशी आहे’ विचारलंत तर ‘चांगली आहे’ एवढंच ऐकू येईल. ते पान उघडून ‘ही इथे काय विचार करतेय’ असं विचारा, मॅडम तुमच्यासाठी खुर्ची ओढतील.